फेडरवरचा हात

रंगनाथनानांना गाण्यात खोटं ऐकू आलं की ते तेवढा आवाज खाली करत.

गंमत म्हणून सांगत नाही. या सवयीपायी आमची चांगली चांगली गिऱ्हाइकं गेली आहेत. एका बिल्डरनं शहराबाहेरच्या उजाड माळावर प्लॉट पाडले होते आणि त्याच्या जाहिरातीचं गाणं आम्ही करत होतो. ‘चोवीस तास पाणी, हिरवीगार वस्ती’ असे त्याचे शब्द. चाल मी लावली होती, गाणारी मुलगी सुरात होती, सगळं जमून आलं होतं. बिल्डर ऐकायला आला, खुर्चीत रेलून बसला. गाणं सुरू झालं. ‘चोवीस तास’ खणखणीत वाजलं आणि ‘पाणी’ एकदम विहिरीच्या तळातून आल्यासारखं. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

“नाना, पाणी ऐकूच येत नाही,” तो म्हणाला.

“कुठून यील?” नाना म्हणाले. “हाय का?”

बिल्डर हसला, कारण त्याला तो विनोद वाटला. मला हसू आलं नाही. त्या उन्हाळ्यात पैठणचं धरण तळाला गेलं होतं. नळाचा दिवस कधी उगवेल ते नळालाच माहीत. शहर मात्र चारी दिशांनी वाढत सुटलं होतं. जिथं पाण्याचा टिपूस नाही तिथं आधी कमान उभी राहायची, कमानीवर नाव यायचं, आणि मग त्या नावाचं गाणं करून घ्यायला माणसं आमच्याकडे यायची. आमचं पोट त्यावर चालत होतं आणि नाना त्याच गाण्यांतलं पाणी खाली करत होते. तो बिल्डर शेवटी गाणं घेऊन दुसरीकडे गेला. जाताना आमच्या दारातल्या माठातलं दोन पेले पाणी पिऊन गेला.

नाना मूळचे सोयगावचे. अंगात कायम बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी, डबीत चष्म्याऐवजी सुपारी. गुलमंडीच्या एका गल्लीत कापडाच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. मी कीबोर्ड वाजवते, चाली लावते. आधी त्यांच्याकडे वाजवायला जायची, मग भागीदार झाले. भागीदार म्हणजे जे काही बुडायचं ते दोघांत बुडायचं. लग्न का केलं नाही असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. “हात रिकामा नव्हता, माय,” एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

हात कशात गुंतला होता ते सांगते. गाण्यात गायकाचा आवाज वेगळा, तबला वेगळा, बासरी वेगळी असं रेकॉर्ड होतं. मग ते एकत्र करायचं, कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला मागे बसवायचं, याला मिक्सिंग म्हणतात. त्यासाठी नानांकडे एक कन्सोल होता. पलंगाएवढं जुनं, दणकट मशीन. त्यावर प्रत्येक वाद्यासाठी एक सरकती कळ, तिला फेडर म्हणतात. वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की लहान. या कन्सोलची खुबी अशी की गाणं वाजत असताना नानांनी फेडर जसजसा हलवला, तसतसा तो लक्षात ठेवायचा. पुढच्या वेळी गाणं लावलं की आतल्या मोटरी चालू व्हायच्या आणि फेडर आपले आपण, कुणी हात न लावता, नानांनी हलवले होते तसेच वरखाली व्हायचे. टँकरवाला एकदा बिलावर सही घ्यायला वर आला, हे दृश्य बघितलं आणि सही न घेताच खाली गेला. पुढे कितीतरी दिवस तो खालूनच हाका मारायचा.

मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा नानांनी तो कन्सोल आणला. टेम्पोत गाद्या घालून, स्वतः त्याच्या शेजारी आडवे होऊन. जिन्यातून तो मावेना, तेव्हा खिडकीचे गज कापून दोरखंडानं वर ओढला. सगळी गल्ली गोळा झाली होती. खालच्या कापडवाल्यानं विचारलं, नाना, छापखाना टाकताय का? नाना वरून ओरडले, “खामखा बोलू नका, दोर धरा!” तेव्हापासून त्या मशीनची बडदास्त जावयासारखी. दसऱ्याला हार, पण हळदकुंकवाला बंदी. “फेडरात कुंकू गेलं तर तबला लाल वाजंल,” असं म्हणून ते पूजेचं ताट दोन हात लांब धरायचे.

आता माझी बाजू. हेच काम माझ्या लॅपटॉपवर होत होतं. पडद्यावर आवाजाची एक रेघ दिसते. जिथे मोठा हवा तिथे रेघ वर ओढायची, जिथे लहान हवा तिथे खाली. चुकलं तर पुसायचं. गिऱ्हाईक महिन्याभरानं येऊन म्हणतं, फोन नंबर बदललाय, तेवढा शब्द बदलून द्या. कॉम्प्युटरवर गाणं उघडलं की सगळं जागच्या जागी असतं. नानांच्या कन्सोलला मात्र फक्त फेडर आठवायचे. बाकीची शेकडो बटणं त्या दिवशी कुठे होती ते नानांनी आठवायचं. ते छताकडे बघत, सुपारी चघळत एकेक बटण फिरवायचे आणि फोन नंबरच्या चार आकड्यांसाठी आमचा दिवस जायचा. शिवाय मशीन तापायचं. त्याला एसी लागायचा, एसीला वीज लागायची, आणि विजेचा मुहूर्त कुणी काढावा?

“नाना, दोन्ही परवडत नाही. एक काहीतरी ठरवा,” मी दर आठवड्याला म्हणायची.

“ठरलंय की.”

“काय ठरलंय?”

“रेघा तलाठी मारतो. मिक्सिंग हातानं होतंय.”

“लॅपटॉपवर काय मी पायानं करते?”

“तुझा हात कुठं दिसतोय त्याच्यात? कुणी बी मारली तरी रेघ तीच. फेडरवर माणूस कळतो, माय.”

मी चिडायची. सगळ्यात जास्त चीड याची यायची की त्यांचं मिक्सिंग माझ्यापेक्षा चांगलं होत असे. मी रेघ ओढायची ती शब्द ऐकून. नाना गाणाऱ्याचा श्वास ऐकायचे. गाणारी थकायच्या आधी यांचं बोट हललेलं असायचं. “आता ती दमणारंय, तिला हात दे,” असं पुटपुटत ते फेडर नखभर वर न्यायचे, आणि ती मुलगी नंतर ऐकताना स्वतःवरच खूश व्हायची की आपण काय सुंदर टिकवलाय सूर. तिला कधी कळायचं नाही आणि नाना कधी सांगायचे नाहीत. मी घाई केली की एकच मंत्र, “आहिस्ता, माय, आहिस्ता.”

आहिस्ता करता करता वर्षं कोरडी जात होती. नळाच्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवायचं नाही हा आमचा नियमच होता. त्या दिवशी गाणारे, वाजवणारे घरी भांडी घेऊन रांगेत, आणि गल्लीत एवढा कालवा की बासरीच्या मागे कुणाची तरी घागर ऐकू यायची. बाकीच्या दिवशी टँकरची मोटर. त्यातून वाचलो तर रस्ता रुंद करायला निघालेली माणसं. जिन्यात, पायऱ्यांवर, पेटीच्या भात्यात, जिथे तिथे धूळ. स्टुडिओ किती दिवस टिकेल हे मी कुणाला विचारत नव्हते, कारण उत्तर मला माहीत होतं. मला फक्त एवढंच वाटायचं की बुडायचंच असेल तर निदान कमी वीज जाळून बुडावं.

अशातच फेडर थरथरायला लागले.

आधी वाटलं भास आहे. नानांनी एक गाणं मिक्स केलं, पुन्हा लावलं, आणि गाणाऱ्याचा फेडर आपला आपण वर सरकताना बारीक कापत होता. लांब सूर लागला की तो सूर पाण्यात पडलेल्या उजेडासारखा हलायचा. नानांनी भुवया चढवल्या. “धूळ,” म्हणाले. दोन दिवस आम्ही बारक्या ब्रशानं धूळ काढत बसलो. थरथर गेली नाही. मग म्हणाले, विजेचा दाब कमीजास्त होतोय. नवा स्टॅबिलायझर आला. थरथर तशीच. मग शेजारच्या वाड्याच्या अंगणात कुणीतरी बोअर घ्यायला लागलं. त्या दिवसांत गल्लोगल्ली बोअरची मशीनं फिरत होती, जमिनीची चाळण करून ठेवली होती. नानांना गुन्हेगार सापडला. बाह्या वर करून ते खाली गेले.

“अहो, तुमच्या बोअरनं माझा आलाप हालायलाय!”

बोअरवाल्याला काही अर्थबोध झाला नाही. त्यानं नम्रपणे विचारलं, “कितव्या मजल्यावर हाय तो?”

कन्सोलच्या पायांखाली नानांनी रबराचे तुकडे घातले. बोअरला पाणी लागलं नाही, मशीन निघून गेलं, जमीन शांत झाली. फेडर कापतच राहिले. पुण्याहून दुरुस्तीवाला आला, त्यानं सगळं उघडून बघितलं, मोटरी नव्यासारख्या आहेत म्हणाला आणि गेला. नाना त्याला निर्बुद्ध म्हणाले. मला मात्र आता मशीनचा मनापासून राग यायला लागला होता. त्याला निकालात काढायचं आयतं कारण मिळालं म्हणून मी आतून खूशही होते.

मग सोयगावहून बुवा आले. नानांच्या गावचे भजनी बुवा, नानांपेक्षा वयानं मोठे. आयुष्यभर देवळात गायले आणि आता कुणीतरी भाच्यानं आग्रह केला म्हणून एक भजन रेकॉर्ड करायला एसटीनं आले होते. धोतर, कोट, टोपी. माइकसमोर उभं राहायला लाजले, मग डोळे मिटले आणि बासरीच्या साथीनं गायले. काय गायले! शेवटचा सूर त्यांनी जो धरला तो सोडायलाच तयार नव्हते. काचेच्या अलीकडे मी आणि नाना एकमेकांकडे बघत राहिलो. कित्येक महिन्यांनी आमच्याकडे जाहिरात नसलेलं काहीतरी गायलं गेलं होतं.

नानांनी लगेच मिक्सिंगला घेतलं. बुवांच्या आवाजाचा आणि बासरीचा, दोन्ही फेडर स्वतः धरले. काम झालं, बुवांना खुर्चीत बसवलं, भजन लावलं. फेडर हलू लागले. बुवा आधी त्या आपोआप चालणाऱ्या कळांकडे लहान मुलासारखे बघत होते. मग शेवटचा सूर आला. त्या सुराला कंप सुटला होता.

बुवांनी मान खाली घातली. भजन संपलं तरी वर करेनात.

“रंगनाथा,” ते म्हणाले, “माझा आवाज कापायलाय का रे?”

“नाय, बुवा. ते मशीन—”

“मशीनला कामून नावं ठेवायलास? मला ऐकू आलं की. देवळात कोण सांगणार मला? पोरं मान देतेत म्हणून गप ऱ्हातेत.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पुसून टाक ते. म्या काही आता गात नाय.”

मी म्हटलं, “बुवा, तुमचा आवाज अगदी स्थिर आहे, खरंच.” पण माझ्याकडे त्यांनी जी नजर टाकली तीत स्पष्ट दिसत होतं की त्यांना मीही त्या मान देणाऱ्या पोरांपैकीच वाटले. एक म्हातारा माणूस आमच्या स्टुडिओत बसून गाणं सोडत होता, आणि आम्हाला धूळ, वीज, बोअर यापलीकडे काही सुचत नव्हतं.

नाना आपल्या खुर्चीतून उठले. मग मला म्हणाले, “तू हात दे बुवांना. बाकीचं माझं तसंच राहू दे.”

मी त्यांच्या खुर्चीत बसले. भजन पुन्हा चालू झालं. बुवांचा फेडर मी हलवला, जमेल तसा, नानांच्या निम्म्यानंही नाही. मग हात काढून घेतला आणि भजन पहिल्यापासून लावलं. दोन फेडर शेजारी शेजारी होते. बुवांच्या आवाजाचा, मी हलवलेला, तेल घातल्यासारखा सरळ वर गेला आणि शेवटच्या सुरावर स्तब्ध थांबला. त्याला लागून असलेला बासरीचा, नानांनी हलवलेला, शेवटपर्यंत कापत होता.

मशीन एकच होतं. धूळही तीच आणि वीजही तीच.

मी नानांकडे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं. त्यांना तेव्हाच कळलं की आधीपासून कळलेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. वाटलं, ते आता म्हणतील की बासरीची मोटर गेली. म्हणावं, असंही वाटलं. मी लगेच मान डोलावली असती.

नाना बुवांच्या समोर जाऊन खाली बसले. बुवांच्या मांडीवरची टोपी उचलली. ती त्यांच्या बोटांत थरथरली तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं.

“बुवा, ऐकलं ना? तुमचा सूर खुंटीसारखा हाय,” ते म्हणाले. “आवाज तुमचा नाय कापत. हात माझा कापायलाय. म्या तुमच्या गळ्याला लावला तो.”

त्यांनी टोपी बुवांच्या डोक्यावर ठेवली. ती जरा तिरकी बसली. बुवांनी ती सरळ केली नाही, नानांचा हात तेवढा धरून ठेवला. मग म्हणाले, “व्हय का? म्हंजे म्या गावं?”

“गावं, बुवा. लई गावं.”

बुवा संध्याकाळच्या एसटीनं गेले. जाताना जिन्यात गुणगुणत होते. नानांनी कन्सोलवर कापड टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी ती रेघ कापत नाय ना?”

“नाही, नाना.”

“मंग उद्यापासून रेघच मारू.”

इतकी वर्षं मी ज्या वाक्यासाठी भांडत होते ते वाक्य असं मिळालं. मला ते नको होतं. घरी जाताना सिग्नलवर गाडी बंद पडली, मागचे हॉर्न मारत होते, आणि मी रडत किक मारत होते. डॉक्टरांनी पुढे त्या दुखण्याला एक नाव दिलं, गोळ्या दिल्या. नानांनी ते नाव कधी उच्चारलं नाही, गोळ्या मात्र सुपारीच्या डबीत ठेवल्या.

लॅपटॉपवर काम सुरू झालं. नाना माझ्या मागे स्टूल घेऊन बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. “इथं वर. नखभर. जास्त झालं. आहिस्ता.” मी रेघ ओढायची. काम पटापट व्हायचं, विजेचं बिल उतरलं, गिऱ्हाइकांचे फोन नंबर मिनिटांत बदलायचे. नाना कशालाच नावं ठेवत नव्हते आणि मला ते सहन होत नव्हतं. मग एक माणूस भेटला, जुनी मशीनं सुटे भाग काढायला विकत घेणारा. कन्सोल तो सोमवारी नेणार होता. नाना म्हणाले, नेऊ दे, फक्त खिडकीचे गज पुन्हा कापावे लागतील ते त्याला सांग.

त्याच्या आदल्या शनिवारी नळाचा दिवस होता. माझं घरचं पाणी भरून झालं आणि एक वायर राहिली होती म्हणून दुपारी स्टुडिओत गेले. नळाच्या दिवशी तिथे कुणी नसतं. वर गाणं वाजत होतं. आमचं नव्हतं, फार जुनं, मी तिथे यायच्याही आधीचं. दार ढकललं.

कन्सोल चालू होता. फेडरांच्या हालचाली साठवलेल्या कुठल्या तरी जुन्या फ्लॉपीवरचं मिक्सिंग नानांनी लावलं होतं. सगळे फेडर हलत होते, सावकाश, एकाला एक साथ देत, कुठेही न थरथरता. तरुणपणचे नाना काय तब्येतीत काम करायचे ते मी प्रथमच बघत होते. आणि नाना खुर्चीत बसून गाणाऱ्याच्या फेडरवर तीन बोटं टेकवून होते. दाबत नव्हते, ढकलत नव्हते. बोटं कापत होती, पण खालचा फेडर आपल्या वाटेनं चालला होता आणि त्यांच्या हाताला बरोबर घेऊन जात होता. वर, मग जरासा खाली, मग पुन्हा वर.

त्यांनी मला बघितलं. लाजले नाहीत.

“ये. बस,” म्हणाले. “जुना रंगनाथ मिक्स करायलाय.”

मी स्टूल ओढलं.

“त्याला माझं काही काम नाय,” नाना फेडरकडे बघत म्हणाले. “पण हात ठिऊ द्यायलाय.”

गाणं संपत आलं. फेडर एकेक करून खाली उतरले, शेवटी गाणाऱ्याचा, आणि नानांचा हातही त्याच्याबरोबर तळाशी येऊन थांबला. खाली गल्लीत कुणीतरी पाणी गेलं, पाणी गेलं म्हणून ओरडत होतं. नानांनी पुन्हा लावायचं बारकं बटण दाबायला बोट नेलं. ते बटणाच्या आजूबाजूला भरकटलं, दुसऱ्यांदा भरकटलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा फेडरवर नेऊन ठेवला.

“तेवढं बटण तू दाब, माय,” ते म्हणाले.

मी दाबलं.